पाण्याची वेळ विचारणं म्हणजे राजकारण का?



या सदरातली भाषणं आधी रेडिओवर होतात आणि मग इथे छापून येतात. पनवेल तालुक्यातल्या गटांच्या मासिक बैठकांत आम्ही ती मोबाइलवर लावून ऐकवतो. बचत गोळा झाली, हप्ते झाले, सह्या आणि अंगठे झाले की दहा मिनिटं भाषण, आणि मग चहा. भाषण अंगणवाडीच्या आहाराचं असो की कर्जाच्या व्याजाचं, ऐकून झाल्यावर पहिला प्रश्न बहुतेक वेळा रेडिओबद्दलच येतो. "हे कोणीपण बोलू शकतं का, की शिकलेल्याच बायका?" "आमच्याकडे पाणी मध्यरात्री येतं, ते बोललं तर चालेल का, की ते राजकारण होतं?" आणि सगळ्या उठायला लागल्यावर, हळू आवाजात, "घरच्यांनी आवाज ओळखला तर?"

या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची म्हणून या वेळचं भाषण रेडिओवरच केलं. दहा मिनिटांत मावलं तेवढं तिथे बोललो, बाकीचं इथे लिहीत आहोत.

आपल्या कानावर पडणारा रेडिओ तीन तऱ्हेचा असतो. पहिली आकाशवाणी, म्हणजे सरकारी रेडिओ. आपल्या आयांना आणि सासवांना त्यावरचं 'वनिता मंडळ' आठवतं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. त्यातले टेकाडे भावोजी, मीनावहिनी आणि पंत घरात बसून रेशनच्या रांगेपासून महागाईपर्यंत सगळ्यावर बोलायचे, आणि ऐकणाऱ्यांना ते आपल्याच घरातलं वाटायचं. रोजच्या जगण्यावरचं बोलणं रेडिओवर चालतं, लोक त्यासाठी कामं बाजूला ठेवतात, हे त्या कार्यक्रमाने कधीच दाखवून दिलं होतं. फक्त ते घर शहरातलं होतं आणि बोलणं लिहून दिलेलं होतं.

दुसरा खासगी एफएम. रिक्षात, दुकानात, ब्युटी पार्लरमध्ये लागतो तो. आपल्याकडे तो मुंबईचा ऐकू येतो. त्यावरून अंधेरीला गाड्या किती तुंबल्या आहेत ते कळतं, पनवेलच्या एसटी स्टँडवर पेणची गाडी लागली की नाही ते कळत नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जिथली जाहिरात, तिथल्या गप्पा.

तिसरा सामुदायिक रेडिओ. कोणी त्याला समुदाय रेडिओ म्हणतं, कोणी सरळ कम्युनिटी रेडिओ. हा छोटा असतो. त्याच्या यंत्राची ताकद साधारण १०० वॉटपर्यंत ठेवावी लागते आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत. त्यामुळे आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या आसपास पोचतो. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की तुटते. आपल्याकडे कर्नाळ्यापासून माथेरानपर्यंत डोंगरच डोंगर, म्हणजे काही पाड्यांवर रेडिओ धरून बसलं तरी खरखरच ऐकू येणार. म्हणून आम्ही भाषणं मोबाइलवर घेऊन फिरतो.

हा रेडिओ कोणा एका माणसाला काढता येत नाही. राजकीय पक्षाला नाही, नफा कमावणाऱ्या कंपनीलाही नाही. नोंदणी झालेली आणि काही वर्षं लोकांत काम केलेली संस्था, शिक्षणसंस्था किंवा कृषी विज्ञान केंद्र केंद्र सरकारच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करतं, आणि बरेच महिने वाट बघून परवानगी मिळते. बचत गटाच्या नावाने अर्ज होत नाही, गट ज्या संस्थेशी जोडलेला आहे तिच्या नावाने होऊ शकतो. देशात आज अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. नियम सांगतो की निम्मे तरी कार्यक्रम त्याच भागात तयार झालेले हवेत, आणि होता होईल तो तिथल्याच बोलीत. २०२४ च्या नव्या नियमांत आणखी एक गोष्ट आली. केंद्रावर काय लावायचं ते ठरवणाऱ्या सल्लागार समितीत निम्म्या बायका असल्या पाहिजेत. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की शिकलेल्याच बायका बोलतील असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट बायकांनी ठरवावं असं लिहिलेलं आहे.

हा हक्क आपल्याला मिळाला कसा, त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. तो मिळाला क्रिकेटमुळे. कलकत्त्यात १९९३ साली सामने होते. ते दूरदर्शनने दाखवायचे की दुसऱ्या कोणी, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. आवाज आणि चित्र ज्यांच्यावरून वाहून नेले जातात त्या हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची एकट्याची मालकी नाही, आणि त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपल्या महाराष्ट्रातले. विहीर गावाची, तशी हवाही गावाची, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. कायद्याच्या भाषेत तो इतका सोपा नसेल, पण बैठकीत सांगितला की पटतो.

निकाल लागला म्हणून दुसऱ्या दिवशी माइक हातात आला, असं झालं नाही. आधी २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना परवानगी दिली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र २००४ साली सुरू झालं. आपल्यासारख्यांबरोबर काम करणाऱ्या संस्थांना दार उघडलं ते २००६ च्या धोरणाने. म्हणजे निकालापासून अकरा वर्षांनी.

तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर नावाचं गाव आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी निकाल लागल्यावर तीन-चार वर्षांतच, युनेस्कोच्या मदतीने, रेडिओची खोली आणि यंत्रं उभी केली होती. शेतमजुरी करणाऱ्या, कोरडवाहू तुकडा कसणाऱ्या दलित बायका. परवानगी काही येईना. मग त्यांनी काय केलं? बियाण्यांवर, ज्वारी-बाजरीवर, सणांवर, बायकांच्या दुखण्यांवर त्या कॅसेटवर बोलून ठेवू लागल्या, आणि त्या कॅसेट गावोगावच्या संघाच्या बैठकीत टेपवर लावू लागल्या. परवानगी नसताना दहा वर्षं त्यांचा रेडिओ असा टेपवर चालला. शेवटी १५ ऑक्टोबर २००८ ला 'संघम रेडिओ' हवेत गेला, आणि त्याचं उद्घाटन करायला त्यांनी बोलावलं न्यायमूर्ती सावंतांनाच. निकाल लिहिणारा माणूस तेरा वर्षांनी त्या निकालाचा आवाज ऐकायला गेला. केंद्र सांभाळणाऱ्या दोघींचं नाव एकच, नरसम्मा. म्हणून एकीला जनरल नरसम्मा म्हणतात आणि दुसरीला अल्गोल नरसम्मा.

त्याच २००८ साली आपल्या महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेचा हा रेडिओ. माणदेशी महिला बँक तुम्हाला माहीत असेल, १९९७ ची. बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला होता, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. त्या बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि साहेबांना म्हणाल्या, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा. पाऊस नसलेल्या त्या माण तालुक्यात अशा बायकांच्या मधोमध रेडिओ उभा राहिला, म्हणून तो त्यांचा झाला. नुसतं यंत्र आणून कुठे बसवलं असतं तर त्यावर गाणीच लागली असती.

आता राजकारण. हा प्रश्न विचारणारीच्या मनात दोन भीती असतात. एक, नियमाने केंद्र बंद पडेल. दुसरी, गावात आपल्याला कोणाची तरी म्हणतील. 

नियमाचं आधी बघू. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. चालू घडामोडींवरचे आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करता येत नाहीत. बातम्या लावायच्या तर आकाशवाणीच्या लावायच्या, त्यात आपलं काही न घालता. म्हणजे अमुक पक्ष चांगला, तमुक उमेदवाराला मत द्या, कालच्या सभेत कोण कोणाला काय म्हणालं, हे आपल्या माइकवर नाही. खासगी एफएमलाही स्वतःच्या बातम्या देण्याची बंदी आहेच. वर्तमानपत्राला आणि टीव्हीला जी मोकळीक, ती रेडिओला का नाही, हे आम्हाला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. टीव्हीवर रात्रभर आरडाओरडा चालतो, आणि गावातल्या बाईने ग्रामपंचायतीची बातमी सांगितली तर देशाला धोका?

पण त्याच नियमांत एक वाट ठेवली आहे, आणि ती आपल्या कामाची आहे. पाणीपुरवठा, वीज, हवामान, रस्त्यावरची वाहतूक, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या जागा, पूर-वादळासारखी आपत्ती, रोगाच्या साथीचा इशारा, यांबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती ही बातमी धरली जात नाही. आरोग्य, शेती, शिक्षण, पर्यावरण, समाजकल्याण हे तर सामुदायिक रेडिओचे नेमून दिलेलेच विषय. तेव्हा "आमच्या आळीला पाण्याची वेळ कोणती ठरवली आहे?" हा प्रश्न आणि त्याचं कार्यालयाने दिलेलं उत्तर नियमात बसतं. "पाणी देत नाहीत, ते सगळे चोर" हे बसत नाही. ते खरं असलं तरी. माहितीचा अधिकार कसा वापरायचा, दहा रुपयांचं तिकीट कुठे लावायचं, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढे काय, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ते दहा रुपयेसुद्धा कसे माफ आहेत, हे सगळं बोलता येतं. कायदा समजावून सांगणं म्हणजे प्रचार नव्हे.

दुसरी भीती मात्र नियमाने जात नाही. आपल्या भागात तर नाहीच. १९७० पासून सिडकोने नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. ज्या भागात भातशेतीच्या तुकड्यासाठी रक्त सांडलं, तिथे पाणी, जमीन, गावठाण यांतलं काहीही राजकारणाबाहेरचं आहे असं आम्ही म्हणणार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की नियमातलं राजकारण आणि जगण्यातलं राजकारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाईला गप्प बसवायचं असलं की हे दोन्ही मुद्दाम एक केले जातात. "बायकांनी राजकारणात पडू नये" हे वाक्य पक्षाबद्दल क्वचितच असतं, बहुतेक वेळा ते हंड्याबद्दल असतं.

पनवेलमध्ये या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती फार कोणी बोलत नाही. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. १ ऑक्टोबर २०१६ ला ती महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. शहर, सिडकोच्या वसाहती आणि आजूबाजूची बरीच गावं एकत्र झाली. बाकीची गावं ग्रामपंचायतीतच राहिली. त्यामुळे आमच्या गटांचे आता सरळ दोन भाग पडले आहेत.

ग्रामपंचायतीतल्या बाईला ग्रामसभा आहे. वर्षातून निदान चार व्हायला हव्यात, आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, असं कायदाच सांगतो. होत नाही, कागदावर होते, सह्या घरी येऊन घेतात, हे आम्हाला माहीत आहे. पण झाली तर तिथे उभं राहून खर्च विचारता येतो, घरकुलाच्या यादीतली नावं विचारता येतात. महानगरपालिकेत गेलेल्या गावातल्या बाईची ती जागाच गेली. पत्ता बदलला नाही, घर तेच, विहीर तीच, पण सभा गेली. महापालिकेच्या सभेत नगरसेवक बोलतात, आपण फार तर बसून ऐकायचं. पहिले नगरसेवक २०१७ च्या निवडणुकीत आले, त्यांची मुदत २०२२ मध्ये संपली, आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकाचाच कारभार होता. त्या दिवसांत आमच्या बायका विचारायच्या, आता विचारायचं तरी कोणाला? शहरांसाठी क्षेत्रसभा नावाची तरतूद कायद्यात आहे. आम्ही बैठकांत विचारलं, कोणी हे नाव ऐकलंय का? एकही हात वर आला नाही.

ज्यांची ग्रामसभा गेली त्यांना मोठ्याने बोलायला जागा हवी, ही आमच्या दृष्टीने गावातल्या रेडिओची खरी गरज. रेडिओ ग्रामसभेची जागा घेऊ शकत नाही. रेडिओवर ठराव होत नाही, इतिवृत्त होत नाही, कोणावर उत्तर देण्याची सक्ती नाही. पण एक गोष्ट होते. एका आळीचा प्रश्न दुसऱ्या आळीला ऐकू येतो, आणि तिथल्या बायका म्हणतात, अगं, आमचंही हेच आहे. घराघरात वेगवेगळं असलेलं दुःख एकच आहे हे कळायला कोणीतरी ते मोठ्याने म्हणावं लागतं.

यात एक गोम आहे. या केंद्रांकडे पैसा कमी असतो. जाहिराती तासाला बारा मिनिटांपर्यंत घेता येतात, आधी सातच मिनिटं होती. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदाला ५२ वरून ७४ रुपये झाला. खेड्यात दुकानदार किती जाहिरात देणार? मग केंद्र सरकारी जाहिरातींवर आणि योजनांच्या प्रचारावर जगतं. ज्याच्या पैशावर घर चालतं त्याला प्रश्न विचारताना जीभ जड होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून योजनांची माहिती देणाऱ्या कार्यक्रमाला आम्ही नाही म्हणत नाही, पण प्रत्येक माहितीमागे एक प्रश्न जोडतो. योजना सांगितली, आता आपल्या तालुक्यात ती कोणाला मिळाली आणि कोणाला का नाही?

एवढं बोलून झाल्यावर खरं काम सुरू होतं ते ऐकणाऱ्यांचं. हे सुचलेलं काही आमचं नाही, फार जुनं आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचा श्रोता गट केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा, संपला की रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं, आणि उरलेले प्रश्न केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला, आणि असं दिसलं की गट करून ऐकणाऱ्या गावांतल्या लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी पडली नाही. पुढे हा प्रयोग देशभर नेला. त्या गटांतले सभासद बहुतेक पुरुषच होते. बायका तेव्हा चुलीपाशी असतील.

आज तोच गट आपल्याकडे तयार बसलेला आहे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या ओटीवर, दहा-बारा बायका. एकीला ऐकू कमी येतं म्हणून ती पुढे बसते, एकीच्या मांडीवर पोर असतं. १९५६ साली ज्यासाठी माणसं नेमावी लागली, ते आपण बचतीसाठी आधीच केलेलं आहे. त्यात फक्त दहा मिनिटं घालायची आहेत. एकटीने ऐकलेलं भाषण भाकरी उलटताना विसरून जातं. चौघींनी ऐकलं की एक जण म्हणते, हे खोटं आहे, माझ्या जावेचा अर्ज असा नाही झाला. तिथून चर्चा सुरू होते.

आणि एकत्र ऐकण्याचा दुसरा फायदा मोबाइलमुळे कळला. व्हॉट्सॲपवर 'पुढे पाठवलेला' निरोप कोणाचा, हे शोधून सापडत नाही. मुलं पळवणारी टोळी, बंद होणारं रेशनकार्ड, फुकट शिलाई मशीन, काय काय येतं. रेडिओवर बोललेल्या गोष्टीला धनी असतो. लावलेला प्रत्येक कार्यक्रम केंद्राला तीन महिने जपून ठेवावा लागतो, तशी अटच आहे. चुकीचं बोललं गेलं तर पुन्हा लावून दाखवता येतं, कोण आणि कधी बोललं ते.

आता तो हळू आवाजातला प्रश्न. दहा किलोमीटरच्या रेडिओवर आवाज ओळखला जाणारच. मुंबईच्या रेडिओवर बोलणारी बाई कोणालाच माहीत नसते, आपल्या रेडिओवर बोलणारी कोणाची सून आहे हे पहिल्या वाक्याला कळतं. हा धोका लहान नाही, आणि "घाबरू नका" असं म्हणून तो जात नाही. सासऱ्याने विचारलं, दुकानदाराने उधारी बंद केली, कोणी मुलाला टोमणा मारला, तर सोसायचं बोलणारीलाच आहे.

म्हणून या सदरात आम्ही कायम 'आम्ही' असं बोलतो. ते मोठेपणासाठी नाही. प्रश्न गटाचा म्हणून जातो, ठराव वहीत लिहून, सगळ्यांच्या सह्यांनी. बोलायला दोघी जातात, आणि शक्यतो एक वयाने मोठी. सासू झालेल्या बाईला गाव सहसा अडवत नाही. आळीचं नाव येतं, बाईचं येत नाही. ज्या प्रश्नात एकाच घराचा संबंध आहे, तो रेडिओचा नाही. नवऱ्याची मारहाण, मुलीवरची जबरदस्ती, असली गोष्ट माइकवर आणायची नाही, कितीही राग आला तरी. तिथे १८१ हा महिलांचा फोन आहे, लगेच मदत हवी तर ११२, मुलांसाठी १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. हे नंबर आणि हा कायदा रेडिओवर जरूर सांगायचा, वारंवार सांगायचा. बाईची कहाणी नाही. कोणाच्या दुःखावर कार्यक्रम रंगतो, पण ती बाई संध्याकाळी त्याच घरी परत जाते.

प्रश्न कसा मांडायचा, हे मात्र शिकावं लागतं. "आमच्याकडे पाणीच येत नाही" असं म्हटलं की समोरचा साहेब म्हणतो, येतं की, परवाच आलं होतं. संपलं. समजा, गटाने पंधरा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहिलं, पाणी किती वाजता आलं, किती वेळ होतं, किती हंडे भरले. मग म्हणता येतं की पंधरांपैकी नऊ दिवस पाणी रात्री बारानंतर आलं आणि चार दिवस आलंच नाही. ठरलेली वेळ कोणती? बदलली असेल तर कळवली कधी? यात कोणाला शिवी नाही, कोणाचा पक्ष नाही. केंद्रावरच्या ताईंनाही असा प्रश्न घ्यायला सोपं जातं, कारण तो कागदावर दाखवता येतो. आणि कागद असला की रेडिओवर उत्तर नाही मिळालं तरी तोच कागद माहिती अधिकाराच्या अर्जाला जोडता येतो. कॅलेंडर बचत गटाचंच असतं, त्यावर दुधाचा हिशोब लिहिता, तसाच पाण्याचा लिहा.

सगळं बोलणं तक्रारीचंच असावं असंही नाही. नुसत्या तक्रारी ऐकायला कोण बसेल? पोपटीला भांबुर्डा कुठला घ्यायचा, सुकट पावसाळ्यात कशी टिकवायची, वरईच्या भाकरीला पाणी किती, यावर बोलणं सुरू झालं की थांबवावं लागतं. आणि आपल्याकडचा धवला. आगरी लग्नात धवलारीण विधी सांगत सांगत गाते. आज धवला म्हणणाऱ्या म्हाताऱ्या थोड्या राहिल्या आहेत, आणि नव्या मुली मंडपात डीजे लावतात. त्यांचा आवाज जपून ठेवायला आपल्यापाशी दुसरं काही साधन नाही. पण गंमत बघा. घरात खणखणीत गाणारी बाई फोन समोर धरला की एकदम पुस्तकी बोलायला लागते. 'पानी'चं 'पाणी' होतं, 'कवा'चं 'केव्हा' होतं, आणि दोन वाक्यांत बोलणं आटतं. आम्ही त्यांना सांगतो, मावशी, तुम्ही भाताच्या खाचरात बोलता तसंच बोला. ठाकर आणि कातकरी पाड्यांवरच्या बायकांना तर आपली बोली म्हणजे हसण्याची गोष्ट असंच आजवर ऐकवलं गेलं आहे. रेडिओचा नियम उलट सांगतो, बोली हवी आहे. ज्या बाईला "नीट बोल" म्हणून शाळेत गप्प केलं, तिला आता "तुझ्यासारखंच बोल" म्हणून विनवावं लागतं.

आवाज पाठवायचा असेल तर गटाचं नाव, गाव आणि तारीख आधी म्हणा. पाच मिनिटांपेक्षा मोठं करू नका. पंखा बंद करा, कुकर उतरवून ठेवा, कोंबड्या असतील तर हाकला. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा आणि एका वेळी एकीनेच बोला. नव्या विमानतळाच्या बाजूच्या गावांना आणखी एक काम वाढलं आहे. विमान डोक्यावर आलं की थांबा, ते जाऊ द्या, आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणा.